उष्णकटिबंध

भूगोलाचे सर सांगायचे, आपण कर्कवृत्ताच्या खाली,
म्हणजे जिंतूर तालुका उष्णकटिबंधात.
मग येलदरीच्या पाण्यातली टेकाडं
उष्णकटिबंधातली बेटं का नाहीत?
हा प्रश्न कय्यूमनं विचारला चाळीस वर्षं उशिरा,
स्टँडसमोरच्या बाकावर, बशीतला चहा फुंकत.
आम्ही कुणी हसलो नाही.

शीडही त्यानंच शिवलं.
पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स, उलट्या बाजूनं,
कडेला मंडपाच्या कापडाची झालर,
नुसतं पांढरं बरं दिसत नाही म्हणून.
उन्हात धरलं की उमेदवार आरपार दिसायचा
हात जोडून, नाव आरशातलं.
होडी पुंजाराम भोयाची.
भाडं दोनशे, आणि बुडालात तर मला सांगू नका.

जना दोन वर्षं लक्षद्वीपकडं होता
जहाजावर पोळ्या लाटायला.
समुद्र पाहिलेला आमच्यात तो एकटाच,
म्हणून कप्तान.
समुद्रात असं नसतं, तो म्हणाला दोर बांधताना.
समुद्रात असं नसतं, भाकरीचं गठुडं चढवताना.
मुंजाभाऊ म्हणाला, तिथं ठेचा असतो का तेवढं सांग.

पण वारा भरला तेव्हा सगळे गप्प.
फ्लेक्स फटकन फुगला
आणि आमची चार पोटं, एक मधुमेह,
मशीन मारून वाकलेली कय्यूमची पाठ,
पतपेढीतून परवाच सुटलेला मी,
सगळं मिळून पाण्यावरून चालायला लागलं.

पहिल्या बेटावर दोन बाभळी, बाकी पाणकावळे.
पंख वाळत घालून बसलेले.
त्याला नाव दिलं सातवी ब.
दुसऱ्यावर उतरलो तर डाव्या पायाची एक चप्पल.
उजवीचा शोध घ्यायचा ठरलं,
मग भूक लागली.
तिसऱ्याचं नाव उधारी,
कारण तिथवर पोचायच्या आतच वारा पडला.

शीड लोंबलं. उमेदवाराला सुरकुत्या आल्या.
आम्ही परातीनं पाणी मागं ओढत होतो
आणि मुंजाभाऊ काठावरून वाकून म्हणाला,
इथं खाली आमची हाळ.
विहीर जरा डावीकडं. आता तिच्यावरच आहोत.
पाहिलेलं नाही त्यानं काहीच.
तो जन्मला पुनर्वसनात, पत्र्याखाली.
सगळं बापाच्या बोटानं पाहिलेलं,
ह्या टेकाडापासून त्या खिंडीपर्यंत धरलेल्या बोटानं.
जना काही म्हणाला नाही
समुद्रात कसं असतं ते.

उधारीवर शेळ्या होत्या.
शेळ्यांमागं फ्रॉकवर भावाचा शर्ट घातलेली पोरगी.
पाण्यातून कामून आले, तिनं विचारलं.
तू कशी आलीस?
चालत. तिकडून सडक हाय ना,
साडेचारची हिंगोली थांबते.

आम्ही टेकाडावर चढून खात्री केली.
सडक होती. थांबासुद्धा होता, रंग दिलेला.
तीन बाजूंनी पाणी म्हणजे द्वीपकल्प, मी म्हणालो,
सरांनी अर्धा मार्क कापला असता.
पुढच्या साली धरण भरलं की होईल बेट,
कय्यूम म्हणाला, नाव आत्ताच देऊन ठेवू.
पोरीनं अर्धी भाकरी घेतली, ठेचा नको म्हणाली.
शिडावर कोण हाय?
पडला तो.
पाण्यात?

कय्यूमचा गुडघा धरला, तो साडेचारच्या गाडीनं गेला
परात काखेत मारून.
वल्ही दोनच आणि वारा नाही.
अंधार पडत आला तेव्हा कडेकडेनं एका गाडीचे दिवे सरकले,
त्याची नसणारच, ती तर कधीच पोचली असेल,
तरी आम्ही हात केले.

मग मुंजाभाऊ म्हणाला, हळू घ्या इथं.
बायकांची पाणी न्यायची वेळ आहे.
जनानं वल्हं वर धरलं.
त्यावरून थेंब गळत राहिले
आणि होडी आपली आपण
जराशी पुढं गेली.